पहिल्या दगडाचे मोल

कॅनडातल्या रेजायना शहराच्या पूर्व भागात महापालिकेचा एक बंदिस्त जलतरण तलाव आहे. बाहेर उणे तीस अंश तापमान असताना आत क्लोरीनचा वास आणि कोमट दमटपणा भरून असतो, काचांवरून पाण्याचे ओघळ येत असतात आणि बाकांवर पालक आपापल्या मुलांचे टॉवेल मांडीवर घेऊन बसलेले असतात. माझी लेक पोहायला शिकली ती इथेच. या इमारतीचे नाव ‘सँड्रा श्मर्लर लेझर सेंटर’ आहे. सांगलीहून सॅस्कॅचेवान प्रांताच्या या सपाट, वाऱ्याच्या मुलखात आल्यावर पहिले दोन हिवाळे मी हे नाव रोज वाचत होते आणि ही कोणी नावाजलेली जलतरणपटू असणार, असे मनाशी धरून चालले होते. शेजारी बसणाऱ्या एका आईने एके दिवशी टॉवेलची घडी घालता घालता मला सांगितले की, सँड्रा पोहणारी नव्हती. ती कर्लिंग, म्हणजे बर्फावरून दगड सरकवण्याचा खेळ, खेळायची, तिने देशाला ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून दिले, आणि शहराच्या अशाच क्रीडाकेंद्रांत ती नोकरी करायची. हे सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. आपल्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाचा विषय निघाला की बोलणाऱ्याचा स्वर जसा बदलतो, तसा तो बदलला होता. ‘आमची सँड्रा’ हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले आणि त्यानंतर या शहरात अनेकांच्या तोंडून ऐकले.

कॅनडात महिलांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास होते. ‘स्कॉटीज टूर्नामेंट ऑफ हार्ट्स’ हे तिचे नाव. १९८२ पासून ती एकाच प्रायोजकाच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्या चिन्हात एकमेकांत गुंफलेली चार हृदये असतात, कारण संघात चौघीजणी खेळतात. या स्पर्धेतील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूला जो पुरस्कार देतात, तो सँड्रा श्मर्लरच्या नावाचा आहे. पुरस्काराची ही माहिती मला कळली तेव्हा मी स्वतः क्लबमध्ये कर्लिंग शिकू लागले होते, आणि म्हणूनच ती मला थोडी अडखळवून गेली. चार हृदये एकत्र गुंफलेल्या स्पर्धेत एकीचेच मोल वेगळे काढायचे ते कसे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

तो प्रश्न समजायचा तर खेळ थोडा जवळून पाहायला हवा. बर्फाची पट्टी सुमारे पंचेचाळीस मीटर लांब आणि जेमतेम पाच मीटर रुंद असते. तिच्या टोकाला बर्फाखाली रंगवलेली एकात एक वर्तुळे असतात, त्यांना ‘हाउस’ म्हणजे घर म्हणतात. दगड ग्रॅनाइटचा, सुमारे वीस किलोंचा. नामांकित दगडांचे ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या छोट्या बेटावरून येते. खेळाडू वाकून, सरपटत पुढे येते आणि दांड्याला हलकी फिरकी देऊन दगड सोडते. बर्फ आरशासारखा गुळगुळीत नसतो. खेळाआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून खडबडीत दाणे तयार होतात आणि दगड त्या दाण्यांवरून चालतो. मी पहिल्यांदा गुडघे टेकून त्या बर्फावर तळहात ठेवला, तेव्हा मला कॅरमचा बोर्ड आठवला. पावडर टाकून त्यावर हात फिरवल्यावर बोटांना जे जाणवते, त्याच्याशी या स्पर्शाचे नाते होते. दगड हळू झाला की फिरकीच्या दिशेने वळू लागतो, आणि त्या वळण्यावरूनच खेळाला हे नाव पडले.

इथून पुढे मात्र कॅरम कामाला येत नाही, कारण कॅरममध्ये स्ट्रायकर बोटातून सुटला की सारे संपते. कर्लिंगमध्ये दगड हातातून सुटतो तेव्हा खरे काम सुरू होते. दोघीजणी ब्रश घेऊन दगडाच्या पुढे धावतात आणि संपूर्ण अंग ब्रशवर टाकून बर्फ घासतात. घर्षणाने बर्फाचा पृष्ठभाग किंचित ऊबदार होतो, दगडाला होणारा अडथळा कमी होतो, तो अधिक लांब जातो आणि कमी वळतो. दगड वेळेआधी थांबणार की पुढे निसटणार, हे त्या दोघी चालत्या दगडाकडे पाहून ठरवतात आणि ओरडून सांगतात. पलीकडे घरात उभी असलेली चौथी खेळाडू रेषा पाहत असते. घासा किंवा सोडा, हे ती सांगते. दगड टाकणारीने चूक केली असेल तर उरलेल्या तिघी ती सावरू शकतात. तिने अचूक टाकला असेल तर त्या तो बिघडवूही शकतात. एक दगड चौघींचा असतो, हे मी ऐकून म्हणत नाही. घासून घासून खांदे दुखल्यावर म्हणते आहे.

प्रत्येकीच्या वाट्याला एका एन्डमध्ये, म्हणजे सामन्यातल्या एका डावात, दोन दगड येतात. पहिले दोन लीड टाकते, मग सेकंड, मग थर्ड, आणि शेवटचे दोन बहुतेक संघांत स्किप म्हणजे कर्णधार टाकते. लीड आपले दोन दगड टाकून झाल्यावर पुढच्या सहाही दगडांसाठी घासते. दहा एन्डच्या सामन्यात हा हिशेब साठ दगडांवर जातो. आणि तिने स्वतः टाकलेले दगड? एन्ड संपताना ते बहुधा जागेवर नसतातच. कोणी उडवलेले असतात, कोणी बाजूला सारलेले असतात. ज्या दगडाने गुण मिळतो तो शेवटचा, आणि तो स्किपचा. लोक टाळ्या वाजवतात ते त्या दगडाला. पुरस्कार देणाऱ्याची नजर त्याच दगडापाशी थांबावी, हेही स्वाभाविक आहे.

मराठीत ‘मोल’ हा शब्द मला म्हणूनच फार जवळचा वाटतो. अनमोल, मोलाचा सल्ला, मोलाची मदत असे म्हणताना आपण या शब्दाला उंचावर बसवतो. आणि मोलमजुरी, मोलकरीण असे म्हणताना तोच शब्द घाम गाळणाऱ्याच्या अंगणात उतरतो. एकाच शब्दात किंमतही आहे आणि कष्टही. इंग्रजीतून आलेल्या पुरस्काराच्या नावाचे मी मनातल्या मनात ‘सर्वांत मोलाची खेळाडू’ असे भाषांतर करते, तेव्हा ते मला मूळ नावापेक्षा अधिक नेमके वाटते. या खेळात झाडूला, म्हणजे ब्रशला, जो मान आहे तो दुसऱ्या कोणत्या खेळात केर काढण्याच्या साधनाला मिळाला असेल, असे मला वाटत नाही. पूर्वी इथे खरोखरच लांब काड्यांच्या झाडूने बर्फ झोडपत; आमच्या क्लबच्या भिंतीवर तसा एक जुना झाडू टांगलेला आहे आणि त्याच्या काड्या टोकाशी झिजून एका बाजूला तिरक्या झाल्या आहेत.

सँड्रा स्वतः स्किप होती, शेवटचा दगड टाकणारी. ११ जून १९६३ रोजी सॅस्कॅचेवानमधल्या बिगर नावाच्या लहानशा गावात तिचा जन्म झाला. पुढे रेजायनात तिने जॅन बेटकर, जोन मकस्कर आणि मार्सिया गुडराइट यांच्यासह संघ बांधला आणि या चौघींनी १९९३, १९९४ आणि १९९७ अशी तीन वेळा राष्ट्रीय स्पर्धा आणि त्याच तीन वर्षी जागतिक स्पर्धाही जिंकली. तीन जागतिक अजिंक्यपदे मिळवणारी ती पहिली महिला स्किप. मला या यादीत तिन्ही वेळची चार नावे तीच आहेत, याचे अधिक अप्रूप आहे. संसार, नोकऱ्या, बाळंतपणे हे सगळे मधल्या वर्षांत येऊन गेले आणि संघ तोच राहिला.

त्यांच्या खेळातला सर्वांत गाजलेला दगड नोव्हेंबर १९९७ मधला आहे. नागानो ऑलिंपिकसाठी कॅनडाचा संघ निवडायचा होता आणि मॅनिटोबातल्या ब्रँडन गावी निवड सामने चालू होते. अंतिम फेरीत समोर कॅलगरीच्या शॅनन क्लाइब्रिंकचा संघ होता. सँड्राची थोरली मुलगी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. सातव्या एन्डमध्ये सँड्राने एक असा फटका निवडला की, दगड आधी बाजूच्या एका दगडाला आपटून दिशा बदलील, आत वळेल आणि मध्याजवळचा प्रतिस्पर्ध्यांचा दगड बाहेर काढील. कॅरम खेळणाऱ्या माणसाला हा फटका लगेच कळतो. फरक इतकाच की इथे सोंगटी वीस किलोंची आणि ती जवळजवळ तीस मीटर दूर. तो दगड तसाच गेला आणि त्या एन्डला तीन गुण मिळाले. मी त्याचे चित्रण कितीतरी वेळा पाहिले आहे. पहिल्या काही वेळा मी सँड्राकडे पाहिले. नंतर मी स्वतः लीड म्हणून खेळू लागल्यावर माझी नजर आपोआप दगडाबरोबर निघालेल्या ब्रशधारी दोघींकडे जाऊ लागली, आणि पलीकडे ब्रश धरून लक्ष्य दाखवत उभ्या असलेल्या तिसरीकडे.

फेब्रुवारी १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकच्या कर्लिंग सामन्यांत, कारुइझावा इथे, त्यांनी उपांत्य फेरीत ब्रिटनला जादा एन्डमध्ये ६-५ असे आणि अंतिम फेरीत डेन्मार्कला ७-५ असे हरवले. महिलांच्या कर्लिंगमधले ते पहिलेच ऑलिंपिक सुवर्णपदक होते.

त्यानंतरच्या दोन वर्षांविषयी लिहिताना माझा हात जड होतो. जून १९९९ मध्ये तिला दुसरी मुलगी झाली आणि काही आठवड्यांतच कर्करोगाचे निदान झाले. फेब्रुवारी २००० मध्ये मंक्टन इथे कनिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा होती. तिथे ती दूरचित्रवाणीवर समालोचन करायला गेली आणि तिथेच पत्रकारांशी बोलली. कर्लिंगचा सामना हरणे म्हणजे जग बुडणे नव्हे, हे आता आपल्याला कळले आहे, असे ती म्हणाली. कुटुंबाकडे लक्ष द्यायचे आणि एखाद्या उबदार ठिकाणी सुटीवर जाऊन पाय वाळूत ठेवायचे, ही तिने सांगितलेली उद्दिष्टे होती. प्रेअरीच्या थंडीत राहिलेल्या माणसालाच ‘पाय वाळूत’ या दोन शब्दांची किंमत कळेल. मला ते शब्द वाचताना आरे-वारेचा किनारा डोळ्यांसमोर आला होता. २ मार्च २००० रोजी ती गेली, तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. तिच्या अंत्यविधीच्या दिवशी सॅस्कटूनमध्ये पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा चालू होती. तिथला खेळ थांबवून मोठ्या पडद्यावर तो दाखवला गेला. पुढच्या वर्षी तिच्या नावाने एक प्रतिष्ठान उभे राहिले. ते देशभरातल्या रुग्णालयांना अकाली जन्मलेल्या आणि अत्यवस्थ बाळांसाठी लागणारी उपकरणे घेऊन देते. तिच्या नावाने जे काही चालते त्यात मला हे सर्वांत मोठे वाटते.

महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत आणखी एक पुरस्कार आहे आणि त्याचे नावही रेजायनाच्याच एका स्किपचे आहे. मार्ज मिचेल हिच्या संघाने १९८० मध्ये जागतिक स्पर्धा जिंकली. महिलांच्या जागतिक स्पर्धेतले कॅनडाचे ते पहिले विजेतेपद. १९८३ मध्ये तिचेही कर्करोगाने निधन झाले, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तिच्या नावाचा पुरस्कार खिलाडूवृत्तीसाठी असतो आणि तो कोणाला द्यायचा हे खेळाडूच मत देऊन ठरवतात. एकाच शहरातल्या, जवळजवळ एकाच वयात, एकाच आजाराने गेलेल्या दोन बायकांची नावे या दोन पुरस्कारांना आहेत, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नव्हते. मौल्यवान खेळाडूच्या पुरस्काराची चर्चा अधिक होते. मला मात्र हे दोन पुरस्कार जोडीने पाहावेसे वाटतात. एक दुसऱ्याविना अपुरा आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये ही स्पर्धा आमच्यापासून सत्तरेक किलोमीटरवर, मूस जॉ इथे झाली. अंतिम सामन्यात मॅनिटोबाच्या केरी आयनर्सनचा संघ आणि ऑन्टारिओच्या रेचल होमनचा संघ समोरासमोर होते. होमनच्या संघाने पिछाडी भरून काढत दहाव्या एन्डअखेर ७-७ अशी बरोबरी साधली आणि सामना अकराव्या एन्डमध्ये गेला. शेवटचा दगड आयनर्सनच्या हाती होता. तिने तो सोडला आणि ब्रायेन मेइयर व शॅनन बर्चर्ड त्याच्या पुढे धावल्या. तो दगड थांबेपर्यंतचे ते काही सेकंद म्हणजे काय असते, हे लिहून सांगता येणे कठीण आहे. दगड टाकणारी आता काही करू शकत नव्हती. तीसुद्धा आमच्यासारखी पाहत होती. जे काही घडायचे ते त्या दोन ब्रशांच्या टोकाशी घडत होते. दगड घरात हवा तिथे थांबला, ८-७ असा निकाल लागला आणि लोक उभे राहिले.

त्याच सामन्यात हरलेल्या संघाची लीड लिसा वीगल होती, आणि माझ्या मनात ती घर करून राहिली आहे. एन्डच्या सुरुवातीला घरापुढे ठेवलेल्या संरक्षक दगडांना, म्हणजे गार्डना, ठरावीक दगड पडेपर्यंत खेळाबाहेर उडवता येत नाही. मग आघाडीवर असलेल्या संघाची लीड त्या गार्डला असा हलका धक्का देते की तो खेळात तर राहतो, पण वाट मोकळी करून बाजूला सरकतो. हा ‘टिक शॉट’ अत्यंत नाजूक असतो. केसभर जास्त लागला तर दगड बाहेर जातो आणि चाल रद्द होते. वीगलने तो इतका अचूक आणि इतक्या सातत्याने खेळला की कर्लिंगच्या जगात त्या फटक्यालाच तिचे नाव पडले. पुढे नियम बदलला आणि मध्यरेषेला टेकलेला गार्ड असा सरकवायला बंदी आली. पहिले दोन दगड टाकणाऱ्या खेळाडूंनी खेळाचा कायदा बदलायला भाग पाडावे, हे मला विलक्षण वाटते. त्या मोसमानंतर वीगल त्या संघात राहिली नाही. संघांच्या हिशेबात असे होते. मोल मोजणे किती अवघड आहे, ते मला तेव्हा कळले.

प्रत्येक सामन्यात प्रत्येक दगडाला शून्य ते चार असे गुण देतात आणि त्यावरून खेळाडूची टक्केवारी काढतात. ती उपयोगी आहे. पण मी टाकलेला कमी वेगाचा दगड दोघींनी जीव तोडून घासत जागेवर नेला, तर ते गुण माझ्या नावावर लिहिले जातात. ज्यांनी नेला त्यांच्या रकान्यात काहीच पडत नाही. म्हणून एखाद्या वर्षी सँड्राच्या नावाचा पुरस्कार लीडच्या हाती दिला गेला, तर त्या दिवशी मी खूप आनंदित होईन.

मी गुरुवारी संध्याकाळी खेळते. आमच्या संघाच्या स्किप पंचाहत्तरीच्या आहेत. आता त्यांना वाकून सरपटता येत नाही, म्हणून त्या उभ्यानेच काठीच्या साहाय्याने दगड ढकलतात आणि अजूनही आमच्या सगळ्यांपेक्षा अचूक टाकतात. गेल्या जानेवारीत एका सामन्यात शेवटचा एन्ड, शेवटचा दगड त्यांचा, आणि तो मध्यावर थांबला तर आम्ही जिंकणार होतो. दगड सुंदर निघाला होता. मी घासत होते. अर्ध्या वाटेवर माझ्या ब्रशचा कोपरा दगडाच्या कडेला लागला. स्पर्श इतका हलका होता की आवाजही झाला नाही. माझ्याबरोबर घासणारीचे डोळे बर्फावर होते, पलीकडे घरात उभ्या असलेल्यांना तो दिसणे शक्य नव्हते. कर्लिंगमध्ये क्लबच्या सामन्याला पंच नसतो. ज्याचा स्पर्श झाला त्याने स्वतः सांगायचे, असा रिवाज आहे. मी उभी राहिले, हात वर केला आणि माझा ब्रश लागला असे सांगितले. दगड चालतच होता, आणि तो अगदी हवा तिथे चालला होता. मी पुढे होऊन पायाने तो थांबवला आणि बाजूला काढला. सामना आम्ही हरलो.

सगळ्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. इथल्या रीतीप्रमाणे जिंकलेल्या संघाने हरलेल्यांसाठी पेये आणली आणि आम्ही आठजणी एकाच टेबलाशी बसलो. मला घोटही गिळवत नव्हता. स्किपबाई काही वेळ स्वतःच्या हातमोज्याची ओली टोके चिमटीत धरून ओढत राहिल्या आणि मग म्हणाल्या की, दुसऱ्या एन्डमध्ये मी घासत नेलेला त्यांचा एक दगड होता, तो त्यांनी कमी टाकला होता, तो मी नेला नसता तर सामना तेव्हाच हातचा गेला असता. त्यांना तो आठवतो आहे. मला स्वतःला तो दगड आठवत नव्हता. मग त्यांनी पिशवीतून वही काढली, पुढच्या गुरुवारचे पान उघडले आणि पेन्सिलीने चौघींची नावे लिहिली. पहिल्या ओळीत, लीडच्या पुढे, माझे नाव होते.